सोसायटीच्या एसटीपीची कलेक्शन टाकी साफ करायची आहे : हायड्रोजन सल्फाइडपासून काय काळजी घ्यायची?

सचिव_बी_विंग

नमस्कार मंडळी. पुण्यातली १२० फ्लॅटची सोसायटी आहे. खालच्या बेसमेंटमध्ये ७५ केएलडीचा (दिवसाला ७५ हजार लिटर) एमबीबीआर पद्धतीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा. मैलापाणी आधी जिथे जमतं ती कलेक्शन टाकी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर खोल. वर ६०० मिलिमीटरची दोन झाकणं. एसटीपीच्या खोलीची फरशी रस्त्यापासून ६ मीटर खाली, म्हणजे टाकीचा तळ ९ मीटर खाली. काठी घालून पाहिलं तर तळाशी साधारण ४० सेंटिमीटर गाळ लागतो. दोनपैकी एक सबमर्सिबल पंप जाम आहे आणि तो तळाला बोल्टने बसवलेला आहे.

ठेकेदार म्हणतो, "आदल्या रात्री झाकणं उघडी ठेवा, गॅस निघून जाईल. सकाळी दिवा सोडून बघू, विझला नाही तर दोन पोरं उतरतील. दोर बांधू, मास्क देऊ. अर्ध्या दिवसाचं काम."

आणखी एक. आवाजाच्या तक्रारीमुळे रात्री ११ ते सकाळी ६ ब्लोअर (टाक्यांत हवा सोडणारं यंत्र) बंद असतो. सकाळी सुरू केला की पार्किंगमध्ये कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि पंधरा मिनिटांत जातो. हाच तो गॅस ना? ठेकेदाराची पद्धत बरोबर आहे का? नसेल तर त्याच्याकडून नेमकं काय मागायचं? कमिटीत यातलं कुणालाच कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

---

परमिट_ऑफिसर

दादा, हे काम आहे त्या रूपात थांबवा. ठेकेदाराच्या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. का, ते एकेक करून सांगतो.

दिवा. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. दिवा सांगतो तो एवढाच. हायड्रोजन सल्फाइड ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग) असला तर त्याने हवेतली फक्त ०.०५ टक्के जागा घेतलेली असते. ऑक्सिजन जवळजवळ जागच्या जागी, दिवा मजेत जळत राहणार आणि खाली उतरलेला माणूस काही मिनिटांत कोसळणार. शिवाय अशा टाकीत मिथेनही असतो. तो ५ टक्क्यांवर गेलेला असेल तर दिवा सोडणं म्हणजे स्वतःहून काडी लावणं. हायड्रोजन सल्फाइड स्वतःही साधारण ४ टक्क्यांपासून पुढे पेटतो, पण त्याच्या कितीतरी आधी तो मारतो.

रात्रभर उघडी झाकणं. दोन भोकं, तीही छताला आणि तीही बेसमेंटमध्ये. वारा येणार कुठून? वरच्या फूटभर हवेत थोडा फरक पडेल. मुख्य म्हणजे गॅस गाळात तयार होत असतो आणि तिथेच बुडबुड्यांत आणि पाण्यात अडकून बसतो. सकाळी मीटरने शून्य दाखवलं तरी ते न हललेल्या गाळाचं शून्य आहे. पोराने फावडं मारलं किंवा पाय रुतला की तोच गाळ गॅस सोडतो, आणि बहुतेक माणसं याच क्षणी जातात. एक आकडा लक्षात ठेवा : पाण्यात लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असेल, तर २५ अंशांना त्याच्यावरच्या बंद हवेत तो ३०० पीपीएमच्या आसपास जाऊ शकतो. तुमची ३६ घनमीटरची टाकी पूर्ण रिकामी धरली तरी ५०० पीपीएम व्हायला अवघा १८ लिटर गॅस लागतो. पाण्याच्या एका जारमध्ये मावेल इतका.

मास्क. कापडी आणि एन-९५ मास्क धूळ अडवतात, गॅस नाही. काडतुसाचे मास्क गॅस गाळतात, पण ऑक्सिजन तयार करत नाहीत, आणि १०० पीपीएमच्या वर, म्हणजे जिथे जीव तात्काळ धोक्यात येतो त्या पातळीला, ते चालत नाहीत. टाकीत उतरताना हवा बाहेरूनच हवी. पाठीवर सिलिंडर घेऊन किंवा नळीने.

दोर. कमरेला बांधलेल्या दोराने बेशुद्ध माणूस वर ओढला की तो दुमडतो आणि ६०० मिलिमीटरच्या तोंडात अडकतो. लागतो तो पूर्ण अंगाचा हार्नेस, ज्याची कडी खांद्यांच्या मागे वर असते, म्हणजे माणूस उभाच्या उभा येतो. आणि वर हाताने ओढणारी माणसं नकोत, तिपाई आणि विंच हवा. तिपाई मागवण्याआधी खोलीची उंची मोजा. बेसमेंटमध्ये छताखालून डक्ट आणि पाइप गेलेले असतात. २.१ मीटरची तिपाई उभी राहत नसेल तर छतात बसवलेला, भार तपासलेला हुक लागेल.

आता मूळ मुद्दा. पहिला प्रश्न "सुरक्षित कसं उतरायचं" हा नाही, "न उतरता होईल का" हा आहे. तुमच्या टाकीत बहुतांश काम न उतरता होतं. पंपवाल्यांनी त्यावर लिहावं, माझ्यापेक्षा ते नीट सांगतील.

तरीही उतरणं टळलंच नाही, तर क्रम असा. टाकीत येणाऱ्या मैलापाण्याची लाइन बंद किंवा वळवलेली, पंप आणि ब्लोअरचे स्विच बंद करून कुलूप, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. गाळ बाहेरूनच जेटने (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने) ढवळून, उपसून, टाकी धुऊन घ्यायची. मग हवा खेळवायची. बेसमेंटमध्ये इथे एक फसगत होते : टाकीत पंख्याने हवा ढकलली की आतला गॅस दुसऱ्या झाकणातून खोलीत येतो, जिथे तुमची बाकीची माणसं उभी असतात. म्हणून एका झाकणातून डक्ट तळापासून ३०-५० सेंटिमीटरवर सोडा, हवा ओढून घ्या आणि रस्त्याच्या पातळीवर, खिडक्यांपासून लांब सोडा. दुसऱ्या झाकणातून खोलीतली ताजी हवा आपोआप आत येईल. गॅस पंख्यातून जाणार असल्यामुळे पंखा ठिणगी न उडणाऱ्या बनावटीचाच पाहिजे. तासाला १५०० घनमीटरचा पंखा कागदावर तुमची टाकी दीड मिनिटात एकदा रिकामी करतो, पण लांब आणि वळणांच्या डक्टमध्ये निम्मा दम जातो. सात-आठ वेळा सगळी हवा बदलायला हवी, म्हणून अर्धा तास धरा. आणि माणूस आत असेपर्यंत पंखा चालूच.

मग मोजणी. चार वायूंचा मीटर : ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. पंप आणि नळी लावून वर, मध्ये, खाली अशा तीन पातळ्यांवर, वरूनच. प्रत्येक ठिकाणी नळीच्या लांबीप्रमाणे कंपनीने सांगितलेले सेकंद, आणि त्याहून दोन मिनिटं जास्त. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत, ज्वलनशील वायू खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड शून्य. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांसाठी १० पीपीएम आणि थोड्या वेळासाठी १५ पीपीएम होतं खरं, पण धुतलेल्या आणि हवा खेळवलेल्या टाकीत ५ पीपीएम जरी स्थिर दिसत असला तर गाळ कुठेतरी शिल्लक आहे. उतरू नका, पुन्हा धुवा. दुसरा मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर, चालू.

झाकणापाशी एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. फोन नाही, हत्यारं देणं नाही. आणि तो कधीही आत जाणार नाही, हे त्याला आधी तोंडी बजावून सांगायचं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेले होते असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या बातम्या वाचल्या तर आकडा वेगळा वाटत नाही. एक पडतो, दुसरा धावतो, तिसरा धावतो.

टाकीतल्या लोखंडी पायऱ्यांवर भरवसा ठेवू नका. याच गॅसपासून ओल्या भिंतीवर जिवाणू गंधकाम्ल बनवतात आणि पायऱ्या आतून खातात. वरून गंज कमी दिसतो, पाय ठेवला की हातात येतात.

---

पंपहाऊस

वरच्या उत्तरात बहुतेक आलं आहे. मी मशिनरीपुरतं लिहितो.

सचिवसाहेब, तुमचा खरा रोग रात्रीचा बंद ब्लोअर आहे. कलेक्शन टाकीत कोर्स बबल डिफ्यूझरने (मोठे बुडबुडे सोडणाऱ्या नळ्यांनी) हवा सोडतात ती मैला ढवळत राहावा आणि सडू नये म्हणून. हवा बंद झाली की काही तासांत पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरात असेल तर सल्फेटची भर आणखी. सात तास गॅस पाण्यात साठतो आणि सकाळी ब्लोअर सुरू झाला की बुडबुडे तो एकदम बाहेर काढतात. तुम्हाला पंधरा मिनिटं येणारा वास हाच. त्या वेळी ऑपरेटर झाकणावर वाकून स्क्रीन साफ करत असेल तर ते आजच थांबवा. ब्लोअर सुरू केल्यावर अर्धा तास खोलीत कुणी जायचं नाही, आणि एक्झॉस्ट पंखा ब्लोअरच्या आधी दहा मिनिटं चालू करायचा.

कायमचा उपाय म्हणजे ब्लोअर बंद ठेवायचा नाही. आवाजाचा त्रास असेल तर सायलेन्सर, ध्वनिरोधक पेटी, खाली रबरी पॅड, पाइपला लवचिक जोड. तेही परवडत नसेल तर टायमर लावून रात्री १५ मिनिटं चालू, ३० मिनिटं बंद. पूर्ण सात तास बंद मात्र कधीच नाही.

गाळाचं बघू. ४ गुणिले ३ गुणिले ०.४, म्हणजे ४.८ घनमीटर. ५,००० लिटरच्या टँकरची जेमतेम एक खेप वाटते, पण घट्ट गाळ पाणी मारून पातळ केल्याशिवाय येत नाही, म्हणून तीन खेपा धरा. रस्त्यावर उभ्या सक्शन गाडीने तुमचा गाळ येणार नाही. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब पाण्याला साडेनऊ मीटरच्या आसपासच वर ढकलू शकतो आणि गाळाच्या बाबतीत प्रत्यक्षात सहा-सात मीटरला दम संपतो. तुमचा तळ नऊ मीटरवर. गाडी रॅम्पने खाली न्यावी तर बेसमेंटची उंची पुरत नाही. आणि मग "गाडीने होत नाही साहेब, पोरांनाच उतरवावं लागेल" हे वाक्य येतं. ते खोटं आहे. झाकणातून साखळीने गाळाचा सबमर्सिबल पंप सोडायचा, ३ एचपीचा, कटर असलेला, ७५ मिलिमीटरचा होज, आणि तो थेट टँकरमध्ये ढकलेल. सोबत जेटिंगच्या होजने वरूनच गाळ फोडत राहायचं. कोपरे राहतात, तिथे लांब पाइपला नोझल बांधून मारायचं. कपडे, नॅपकिन, केस यांचा गुंता आकड्याने वर काढायचा. दीड दिवस लागेल, अर्धा नाही.

टँकरच्या व्हॅक्यूम पंपाचा एक्झॉस्ट कुठे सुटतो ते बघा. टाकीतला गॅस तिथूनच बाहेर पडतो आणि ड्रायव्हर नेमका त्याच्या शेजारी विडी ओढत उभा असतो. एक्झॉस्टला होज लावून तोंड उंच आणि वारा जिकडे वाहतो त्या दिशेला करा. तळमजल्यावरच्या लोकांना खिडक्या बंद करायला आदल्या दिवशी सांगा.

जाम पंप. तो तळाला बोल्टने बसवणारा ज्याने कुणी असेल त्याने तुम्हाला दर दोन वर्षांनी माणूस उतरवायची सोय करून ठेवली आहे. आत्ता दुसऱ्या पंपाने आणि सोडलेल्या पंपाने टाकी कोरडी करा, धुवा, आणि मग एकदाच, परमिट_ऑफिसर सरांनी सांगितलेल्या सगळ्या व्यवस्थेत, तो काढायला उतरा. त्याच वेळी दोन्ही पंपांना गाइड रेल आणि ऑटो कपलिंग बसवून घ्या. पुढच्या वेळी चेन पुलीने पंप वर ओढला की आपोआप सुटतो, खाली सोडला की आपल्या वजनाने बसतो. कपलिंगच्या तळाच्या बैठकीसाठी हे शेवटचं उतरणं. साखळी स्टेनलेस स्टीलची, जस्त चढवलेली या हवेत फार टिकत नाही.

आणि एक सक्त नको : वास मारायला टाकीत किंवा चेंबरमध्ये अ‍ॅसिड ओतणं. सल्फाइड पाण्यात दोन रूपांत असतं. पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ७ ला निम्मं गॅसच्या रूपात, ८ ला साधारण १० टक्के, ६ ला ९० टक्के. संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतलं की पाण्यात शांत बसलेलं सल्फाइड गॅस होऊन तोंडावर येतं. अ‍ॅसिडपाठोपाठ ब्लिचिंग टाकलं तर वर क्लोरीन. हाउसकीपिंगच्या बायका हे दोन्ही करतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फेरिक क्लोराइड सल्फाइडला बांधून ठेवतं, कॅल्शियम नायट्रेट ते तयारच होऊ देत नाही, पण ही डोसिंग पंपाने रोज द्यायची औषधं आहेत. सफाईच्या सकाळी बादलीभर ओतून काम होत नाही.

---

केमिकल_गल्ली

एक शंका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून तळाशी बसतो, असं सगळीकडे वाचलंय. मग फक्त तळाशी मोजलं तर पुरेसं नाही का? तीन पातळ्या कशाला?

---

परमिट_ऑफिसर

शुद्ध गॅस हवेच्या १.१९ पट जड आहे, बरोबर. पण टाकीत शुद्ध गॅस नसतो. ५०० पीपीएम मिसळलेली हवा साध्या हवेपेक्षा ०.०१ टक्का जड. एवढ्याने काही तळाशी बसत नाही. तो खाली सापडतो कारण तयार खाली होतो आणि वर न्यायला वारा नसतो. टाकीत कोमट मैला येत असेल, कुणी ढवळत असेल, तर तोच गॅस झाकणाच्या तोंडाशी येतो. झाकण उघडणारा माणूस वाकलेला असतानाच कोसळल्याची उदाहरणं आहेत. म्हणून झाकण पूर्ण काढण्याआधी ते एका बाजूने जरासं उचलून फटीतून नळी घालून मोजायचं, तोंड बाजूला, वारा पाठीशी. मिथेन हवेपेक्षा बराच हलका आहे, तो छताखाली सापडू शकतो. तीन पातळ्या त्यासाठी.

मीटरबद्दलही सांगतो, कारण भाड्याने येणारे अर्धे मीटर बिनकामाचे असतात. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं, पण तेवढ्यावर थांबू नका. कामाच्या सकाळी तुमच्यासमोर बंप टेस्ट करायला लावा : छोट्या सिलिंडरमधला ओळखीचा वायू, त्यात हायड्रोजन सल्फाइड साधारणपणे २५ पीपीएम असतो, मीटरला द्यायचा आणि अलार्म वाजतो का, आकडा जवळ येतो का ते बघायचं. सिलिंडरवरची मुदत वाचा. हा गॅस सिलिंडरमध्ये हळूहळू कमी होतो आणि मुदत संपलेल्या सिलिंडरवर चांगला मीटरही वाईट ठरतो. नळी टेफ्लॉनच्या अस्तराची मागा, साधी रबरी नळी गॅस स्वतःच शोषून घेते आणि मीटरपर्यंत कमी पोचतो. नळीच्या टोकाला पाणी अडवणारा फिल्टर, नाहीतर एकदा गाळात बुडली की पंप गेला. ज्वलनशील वायूचा साधा सेन्सर चालायला साधारण १० टक्के ऑक्सिजन लागतो, म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा वाचायचा. तो खूप कमी असेल तर "ज्वलनशील वायू शून्य" याला काही अर्थ नाही.

आणि मीटरवर "ओव्हर" आलं तर मीटर बिघडला म्हणून बंद करून चालू करणारे महाभाग आहेत. बऱ्याच मीटरची मर्यादा १०० किंवा २०० पीपीएम असते. ओव्हर म्हणजे त्याच्यापुढे. बाहेर पडा.

---

कॅज्युअल्टी_नाइट

वैद्यकीय बाजू जोडतो.

नाकावर अवलंबून राहू नका, हे सगळे सांगतात, पण का ते कळलं तर लक्षात राहतं. एक पीपीएमच्या खालीही वास येतो, म्हणून लोकांना वाटतं की नाक उत्तम मीटर आहे. १०० पीपीएमच्या आसपास २ ते १५ मिनिटांत वास येणं बंद होतं, १५० च्या पुढे जवळजवळ लगेच. मजूर म्हणतो "वास गेला, आता बरं आहे". वास गेला म्हणजे गॅस वाढलेला असू शकतो.

पातळ्या साधारण अशा. २ ते ५ पीपीएमला बराच वेळ राहिलं तर मळमळ, डोकेदुखी, दम्याच्या रुग्णाला त्रास. २० ला थकवा, चिडचिड, गरगरणं. ५० ते १०० ला तासाभरात डोळे लाल, वाळू गेल्यासारखे चुरचुरणारे. काहींना दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, ते लक्षण हसण्यावारी नेऊ नका. २०० ते ३०० ला डोळे आणि श्वासनलिका चांगल्याच पोळतात, फुप्फुसात पाणी होऊ शकतं. ५०० ते ७०० ला पाच मिनिटांत झोकांड्या आणि कोसळणं, अर्ध्या-एक तासात मृत्यू. ७०० च्या पुढे एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. ओरडायला, दोर हलवायला वेळच मिळत नाही. "काही वाटलं तर दोर हलव" ही सूचना म्हणून कुचकामी आहे.

हा गॅस पेशींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज बंद पाडतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पेशीला तो वापरता येत नाही. त्यामुळे बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवेल आणि माणूस मरणाच्या दारात असेल. ऑक्सिमीटर बघून "ठीक आहे" म्हणू नका.

बाहेर काढल्यावर : मोकळ्या हवेत, वारा जिकडून येतो त्या बाजूला. ओले कपडे कापून काढा, त्यांना गॅस आणि मैला दोन्ही लागलेलं असतं. श्वास नसेल तर छातीवर दाब लगेच सुरू, पण तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) वापरा. १०० टक्के ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कने. डोळ्यांत स्वच्छ पाणी १५ मिनिटं. १०८ ला फोन करताना "गटाराच्या गॅसने बेशुद्ध, हायड्रोजन सल्फाइडचा संशय" असं स्पष्ट सांगा, कारण "चक्कर येऊन पडला" म्हटलं की सगळी दिशाच बदलते. खिशातली नाणी किंवा अंगावरची चांदी काळी पडली असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो चांगला पुरावा आहे. मीटरवरचा सगळ्यात मोठा आकडा लिहून द्या. उतारा म्हणून सोडियम नायट्राइट लवकर दिलं तर विचारात घेतात, पण तो डॉक्टरांचा निर्णय. त्यानेही रक्तदाब कोसळतो आणि त्याच्या फायद्याचा पुरावा मर्यादित आहे. मुख्य इलाज ऑक्सिजन आणि श्वासाचा आधार.

जो क्षणभर कोसळून उठला आणि "आता बरं वाटतंय, घरी जातो" म्हणतो, तो माणूस मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. फुप्फुसात पाणी एक-दोन दिवसांनीही होऊ शकतं. त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवाच. रोजंदारी बुडते म्हणून तो नाही म्हणेल, ती रोजंदारी सोसायटीने द्यावी.

---

कलम_सात

कायद्याचं थोडक्यात. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा, त्याचं कलम ७ : गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कुणीही, ठेकेदारामार्फतसुद्धा, माणूस लावायचा नाही. कलम ९ : पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर पाच वर्षं, पाच लाख. "आम्ही फक्त ठेका दिला होता" यावर विसंबू नका, आणि "आमची सेप्टिक नाही, एसटीपी आहे" यावर तर अजिबात नाही. नियमांत माणूस उतरवायचे मोजके अपवाद आहेत, बुडालेला पंप काढणं हा त्यांतला एक, पण तिथेही संरक्षक साधनं आणि देखरेख सुटत नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आधी लेखी कळवून पोच घ्या.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत सेप्टिक टाकी साफ करताना तीन मजूर गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख द्यायला राज्य सरकारला सांगितलं. त्यानंतर २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली, कायमच्या अपंगत्वाला २० लाख.

वर्क ऑर्डरमध्ये "सर्व जबाबदारी ठेकेदाराची" हे एक वाक्य लिहून सुटका होत नाही. उतरणाऱ्यांची नावं, त्यांचं प्रशिक्षण, विमा, मीटरचा नंबर आणि प्रमाणपत्र, श्वसनयंत्र कुठलं, वाचवायची व्यवस्था कुठली, हे ऑर्डरसोबत जोडलेलं पाहिजे. आणि "सोसायटीचा माणूस परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) सही करेपर्यंत झाकण उघडणार नाही" ही अट.

---

सचिव_बी_विंग

सगळ्यांचे मनापासून आभार. ठेकेदाराला नकार कळवला. ब्लोअर आजपासून १५-३० टायमरवर. दोन गोष्टी राहिल्या. नवा ठेकेदार पाठीवरचं श्वसनयंत्र देतो म्हणतो, ते ६०० मिलिमीटरच्या झाकणातून जातं का? आणि एसटीपीच्या खोलीत कायमचा गॅस सेन्सर बसवायचा तर कुठे?

---

परमिट_ऑफिसर

जातं, पण घासून, आणि तिथेच धोका आहे. अडकलं की माणूस सिलिंडर पाठीवरून काढून हातात घेतो, मास्क ओढला जातो. आधी जमिनीवर ६०० मिलिमीटरच्या रिंगमधून सगळा पोशाख चढवून जाऊन दाखवायला सांगा. माझी पसंती नळीने हवा देणाऱ्या यंत्राला, कमरेला १० मिनिटांचा सुटकेचा छोटा सिलिंडर असलेल्या. पाठीवरचंच असेल तर हिशेब समजून घ्या : ६ लिटरचा, ३०० बारचा सिलिंडर म्हणजे १,८०० लिटर हवा. कागदावर ४५ मिनिटं, कष्टाच्या कामात ३० धरा. शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, पण शिट्टीची वाट बघायची नाही, १२० बारला वर. एक भरलेला जादा सेट वर, वाचवणाऱ्यासाठी, तोही अंगावर चढवून तयार.

सेन्सर दोन. एक झाकणांजवळ, फरशीपासून ३०-४५ सेंटिमीटरवर, जिथे गळतीचा गॅस आधी पोचतो. पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत असा. दुसरा दाराशी, नाकाच्या उंचीला. अलार्म ५ आणि १० पीपीएमला. भोंगा आणि लाल दिवा दाराच्या बाहेर, कारण आत वाजला तर आत जाऊन बघावं लागतं. ५ ला एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू व्हावा. त्या पंख्याचा डक्ट खाली, फरशीजवळून ओढणारा आहे ना ते एकदा बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी तो छताखाली असतो. सेन्सरला कंपनीच्या वेळापत्रकाने गॅस दाखवून तपासणी, आणि दमट हवेत दोन-तीन वर्षांत सेन्सर बदलायचाच. त्याची तारीख मीटरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा, फाइलमध्ये कुणी बघत नाही.